छत्तीस बटणांची पाटी

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत लोक माझ्याकडे बिघडलेले मोबाईल घेऊन येतात. मी ‘ॲपचं काहीतरी’ करते, एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं असतं. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी तर माझ्याकडून पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला मोबाईलवर काढून घेतला. तो निघाला तेव्हा “शिकलेली बाई आहे” असं प्रशस्तिपत्रही दिलं. आपण काय काम करतो हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर लोक देतील ते प्रशस्तिपत्र घ्यावं.

मूळची मी चित्रं काढणारी बाई. वीस-बावीस वर्षं मी द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, मनुक्यांची पाकिटं आणि मधल्या काळात पोटासाठी लग्नपत्रिका केल्या. परदेशात कुठल्या तळघरात नाशिकच्या द्राक्षांची जुनी पेटी पडली असेल, तर तिच्यावरचा घड मी काढलेला असण्याची बरीच शक्यता आहे. मग एके दिवशी सुषमा माझ्याकडे आली. ती वाचाउपचार करते, म्हणजे ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा बोललेलं कुणाला कळत नाही, अशा मुलांबरोबर काम करते. तिच्या हातात परदेशातून आलेला चित्रांचा संच होता.

“हे जेवणाचं चित्र बघ,” ती म्हणाली. गोल बशी, एका बाजूला काटा, एका बाजूला सुरी. “पेठकडचा एक मुलगा येतो माझ्याकडे. त्याला हे दाखवलं, तर त्याने दोन्ही हातांनी खणून दाखवलं. त्याला ते फावडं वाटलं.”

मी त्याच दिवशी भाकरी, वरण आणि कांद्याची फोड काढून दिली. त्या मुलाने चित्रावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट तोंडात घातलं. तेव्हापासून मी या कामात आहे. आमच्याकडे येणारी मुलं आणि त्यांचे पालक मला ‘चित्रवाल्या मॅडम’ म्हणतात, आणि मला ते आवडतं.

काम काय, ते सरळ सांगते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण सहज म्हणतो. आमच्या मुलांची जीभ तेवढीच उचलत नाही. कुणाचे स्नायू ऐकत नाहीत, कुणाचा शब्द घशातच अडकतो. पण डोक्यात शब्द असतात. त्यांच्यासाठी आम्ही टॅबवर चौकोनी बटणं मांडतो. प्रत्येक बटणावर एक चित्र असतं. मुलाने ते दाबलं, की टॅब तो शब्द मोठ्याने बोलतो. एका पडद्यावरच्या सगळ्या बटणांना आम्ही ‘पाटी’ म्हणतो. लहान पाटी चार बटणांची, मोठी छत्तीसची. मूल एकेक बटण दाबत असतं तोवर ते मागत असतं. ज्या दिवशी ते आपणहून दोन बटणं एकापाठोपाठ दाबून काहीतरी जुळवतं, त्या दिवशी ते बोलायला लागलं, असं आम्ही मानतो. त्या दोन बटणांची आम्ही काही मुलांच्या बाबतीत वर्षवर्ष वाट बघितली आहे.

आम्ही तिघं. सुषमा मुलांना तपासते, मी चित्रं काढते आणि कुठलं बटण कुठे हे ठरवते, आणि मंदार ते सगळं संगणकाला समजावून सांगतो. मंदार स्वभावाने अबोल. त्याच्यासाठीही एक पाटी करावी असं माझ्या मनात बरेचदा येतं.

चित्रं काढणं सोपं असेल असं मला आधी वाटलं होतं. भाकरी काढता येते. ‘कंटाळा’ कसा काढायचा? ‘उद्या’ कसं काढायचं? ‘राग’ या बटणासाठी मी आमच्या यजमानांचा चेहरा वापरला. कल्पना देऊन वापरला, म्हणून तर तो इतका चांगला उतरला. आज जिल्ह्यातली बरीच मुलं माझ्या नवऱ्याच्या तोंडावर बोट ठेवून चिडतात.

बटणांची जागा हा आमच्या धंद्यातला सर्वात मोठा धडा, आणि तो आम्हाला सटाण्याने शिकवला. तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याचा मुलगा पाटी वापरायचा. एकदा आम्ही मोठ्या हौसेने सगळी पाटी नव्याने मांडली. नीटनेटकी, रंगांप्रमाणे. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. गृहस्थ तापले की अहिराणीत शिरत.

“मॅडम, मना पोऱ्या नको सांगी ऱ्हायना, नि तुमनं यंत्र अजून अजून बोली ऱ्हायनं. काय भानगड शे?”

भानगड अशी होती, की तो मुलगा पडद्याकडे बघतच नव्हता. आपण अंधारात दिव्याचं बटण चाचपतो तसा त्याचा हात सवयीने ‘नको’वर जायचा. आणि आम्ही त्या जागी ‘अजून’ नेऊन ठेवलं होतं. दोन दिवस त्या घरच्या आजीने नातवाला आग्रह करकरून दुधी भोपळ्याची भाजी वाढली होती. आजी खूश होती, कारण नातू पहिल्यांदाच अजून अजून मागत होता. त्यानंतर आम्ही नियम केला, की एकदा दिलेल्या बटणाची जागा बदलायची नाही. मी पाटीवरची मांडणी सुंदर करायच्या फंदात पुन्हा पडले नाही.

हसण्यासारख्या चुका मी सगळ्यांना सांगत असते. आता जी सांगणार आहे, ती ज्यांच्या बाबतीत झाली ते घर सोडलं, तर आजवर फक्त सुषमाला सांगितली होती.

ईश्वरी सहा वर्षांची होती तेव्हा तिला आमच्याकडे आणलं. निफाडजवळच्या एका गावातलं द्राक्षबागेचं एकत्र कुटुंब. जन्मताना तिच्या मेंदूला दुखापत झाली होती, त्यामुळे हात थरथरत, मान डगमगे आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज निघे. डोळे मात्र टपोरे आणि सारखे फिरणारे. तिच्यासोबत वडील किरण आणि आई मनीषा आले होते. मनीषा बारावी झालेली, कमी बोलणारी. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

सुषमा त्या दिवशी दुसऱ्या मुलात गुंतली होती. मी म्हटलं, चित्रांची साधी तपासणी मी करते. ती शंभर वेळा पाहिलेली होती. नियमाप्रमाणे पालकांना बाहेर बसवलं, म्हणजे मूल त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देत नाही. घरातल्या माणसांचे फोटो किरणने आणले होते. मी त्यातले चार टेबलावर मांडले. बाबा, आजी, एक चुलत बहीण आणि मनीषा.

“ईश्वरी, आई कुठे आहे? आई दाखव.”

तिचा हात थरथरत उठला आणि आजीच्या फोटोवर पडला. मी फोटोंच्या जागा बदलल्या. परत आजी. तिसऱ्यांदाही आजीच. मी तक्त्यावर लिहिलं, ‘आईला ओळखत नाही.’ मग पुढच्या रकान्यात, ‘समज मर्यादित.’ अक्षर वळणदार होतं, लेबलं केलेला हात आहे माझा.

त्या तक्त्यावर विसंबून सुषमाने तिला चार बटणांची पाटी दिली. पाणी, भूक, शू, दुखतंय. तक्त्याची एक प्रत वडिलांच्या हाती दिली.

दोन महिन्यांनी मनीषाचा फोन आला. मी तिचा आवाज ओळखला नाही, इतका तो मी कमी ऐकला होता.

“मॅडम, एक विचारू का? त्या पाटीवर माझा फोटो टाकता येईल का?”

“येईल की. पण आत्ता चारच बटणं आहेत ना. ती सवयीची झाली की…”

“ती मला ओळखत नाही असं तुम्ही लिहिलंय. मी वाचलं ते. म्हणून रोज दुपारी तिला फोटो दाखवते माझा. म्हटलं पाटीवर असला तर ओळखंल कधीतरी.”

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी येते तुमच्याकडे, बघते काय करता येईल ते.

मी गेले तेव्हा घरातली मुलं जेवायला बसली होती. मनीषाच्या जावेची चार मुलं एका ओळीत आणि शेवटी आपल्या लाकडी खुर्चीत ईश्वरी. जाऊ बागेत मजुरांकडे गेली होती, मनीषा वाढत होती. ओळीतून एकसारखा गलका चालला होता.

“काकी, पाणी.”

“काकी, मला मीठ नाय दिलं.”

“ओ काकी, हा माझ्या ताटात हात घालतो.”

आतल्या खोलीतून ईश्वरीची आजी आली. सत्तरीची, उंच, नऊवारीतली बाई. मोठ्या मुलीने तिला हाक मारली, “आई, बस ना जेवायला.” पाठोपाठ बाकीच्यांनीही “आई, बस, आई, बस” सुरू केलं. किरण बाहेरून आला आणि तोही म्हणाला, “आई, मॅडमना चहा दिला का?”

त्या घरात ‘आई’ एकच होती, आणि ती आजी होती. मुलगे म्हणत म्हणून नातवंडंही म्हणत. आणि मनीषा सगळ्यांचीच काकी होती. ईश्वरी जन्मल्यापासून या ओळीच्या शेवटी बसून हेच ऐकत होती. तिला मी विचारलं, आई दाखव. तिने आई दाखवली. तीन वेळा दाखवली, जागा बदलल्या तरी दाखवली. आणि मी लिहिलं, समज मर्यादित.

मुळात मूल बोलत असतं तर ही चूक झालीच नसती. पहिल्याच दिवशी मनीषाकडे बघून ते “काकी” म्हणालं असतं, आम्ही हसलो असतो आणि पुढे गेलो असतो. जे मूल बोलत नाही, ते आपल्या आईला मनात काय हाक मारतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी स्वतः अशाच घरात वाढले आहे. आम्ही वडिलांना ‘भाऊ’ म्हणायचो, कारण आत्या म्हणायच्या. तरी सुचलं नाही.

मी पिशवीतून ते चार फोटो काढले आणि ईश्वरीच्या खुर्चीच्या फळीवर मांडले.

“ईश्वरी, काकी कुठे आहे?”

तिने फोटोंकडे पाहिलंही नाही. मनीषा तिच्या डाव्या बाजूला वाटीत आमटी घालत होती. ईश्वरीचा हात हवेत दोन-तीन वेळा चुकला आणि मग तिने मनीषाचा पदर पकडला. आमटी थोडी सांडली.

मी मनीषाला तिथेच सगळं सांगितलं. मी प्रश्न काय विचारला होता, तिने काय दाखवलं होतं आणि मी काय लिहिलं. माफी मागितली. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“तक्त्यात प्रश्न लिहिला नव्हता,” ती म्हणाली.

“नाही. नुसतं उत्तर लिहिलं. माझं.”

“मग ती मला ओळखती.”

“पहिल्यापासून.”

तिने सांडलेली आमटी पुसली, उठली आणि मोरीत जाऊन बराच वेळ फडकं धूत राहिली. नळ चालू होता. मी माझ्या कामात पुष्कळदा शरमले आहे, पण त्या दुपारइतकी नाही. तेव्हापासून आमच्या तक्त्यात पहिला रकाना ‘काय विचारलं’, दुसरा ‘मुलाने काय केलं’ असा आहे. आपलं मत लिहायला आता जागाच ठेवलेली नाही. आणि घरी जाऊन कोण कुणाला काय हाक मारतं याची यादी केल्याशिवाय आम्ही पाटीवर एकही माणूस ठेवत नाही. हे मला अभिमानाने सांगायचं आहे, जरी ते शिकण्याचे पैसे दुसऱ्याने भरले असले तरी.

पुढच्याच आठवड्यात मी ईश्वरीसाठी छत्तीस बटणांची पाटी करायला घेतली. सुषमाने एकाही बटणाला हरकत घेतली नाही.

आवाजावरून मात्र आमची जुंपली. टॅबमधला तयार आवाज एका शहरी बाईचा होता. तो ऐकून आजी म्हणाली होती, “ही कोण बया बोलती आमच्या पोरीच्या पोटातून? बँकेतल्यागत.” मी ठरवलं, ईश्वरीला घरातलाच आवाज द्यायचा. तिची चुलत बहीण स्वरा दहा वर्षांची, तोंडाळ आणि हुशार. तिच्याकडून सगळे शब्द बोलून घेतले. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू होता, म्हणून आम्ही दोघी खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन बसलो आणि मोबाईल मध्ये ठेवला. उकाड्याने जीव गेला, पण आवाज स्वच्छ आला. “मला नाय पाहिजे.” “लय भारी.” “काकी.” “आई.” “सरक तिकडं.” हे शेवटचं माझ्या यादीत नव्हतं, स्वराच म्हणाली हे लागतंच. सुषमाला ‘नाही’ हवं होतं, पुढे शाळेत अडचण नको म्हणून. मी ‘नाय’च ठेवलं. निफाडची पोर आहे, निफाडसारखी बोलेल.

निघताना मनीषा मला गेटपर्यंत सोडायला आली.

“मॅडम, एक बटण जरा मागच्या पानावर ठेवता येईल का? कुणाला दिसणार नाही असं.”

“कशाचं?”

तिने इकडेतिकडे पाहिलं. “माझाच फोटो. पण त्यातून आवाज ‘आई’ असा यावा. एकदा तरी ऐकावं वाटतं. घरात दुसरं कुणी म्हणणार नाय मला. तशी पद्धतच नाय आमच्यात.”

मी ते बटण केलं. नियमात बसत नव्हतं, तरी केलं. तीन दिवसांनी तिचा फोन आला आणि या वेळी ती हसत होती. दुपारी घर निवांत बघून तिने ईश्वरीच्या हाताने ते बटण दाबलं. टॅबमधून स्वराच्या आवाजात “आई” आलं, आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, “काय गं स्वरा? आले.” सासूबाई येऊन उभ्या राहिल्या आणि या दोघी गप्प.

“काढून टाका ते,” मनीषा म्हणाली. “ईश्वरी पण आजीच्याच वाटेकडं बघत होती. तिला काकीच बरं वाटतंय तर काकीच असू दे.”

ती हसत होती हे खरं, पण मला ते ऐकून वाईट वाटलं. मी बटण काढलं.

खरी पंचाईत वेगळ्याच बटणाने झाली. एकत्र घरातल्या मुलांच्या पाटीवर मी ‘माझी’ हे बटण आवर्जून देते. ज्याला बोलता येत नाही त्याची वस्तू कुणीही उचलतं, आणि त्याला भांडताही येत नाही. त्या बटणावर मी छातीशी धरलेले दोन हात काढले आहेत. ईश्वरीला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. भावंडाने तिची वाटी घेतली की ती “माझी” दाबायची. बाहुली घेतली की “माझी”. मुलं दचकून वस्तू परत ठेवायची. मग ती दिवसभर “माझी, माझी” करायला लागली.

आजींनी मला निरोप पाठवला. गेले. त्यांनी मला समोर बसवून आधी चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“चित्रवाल्या बाई, तुम्ही लय चांगलं काम केलं. पोरगी पाणी मागती, हसती. सगळं ठेवा. ते एक तेवढं काढा.”

“कुठलं, आजी?”

“माझी-माझी म्हणतं ते. आमच्या घराला तीन पिढ्यात एकच चूल हाय. आजूबाजूला बघा, सगळ्या बागा वाटून गेल्या. माझं-तुझं लेकरांच्या तोंडात आलं की घर फुटायला वेळ नाय लागत. माझ्या चार नातवंडांत कुणी माझं म्हणत नाय. ही एक म्हणती, ती पण डब्यातून.”

“आजी, त्या चौघांना हिसकावून घेता येतं. हिला येत नाही.”

“मग मी हाय ना. मी देते तिला परत.”

“तुम्ही प्रत्येक वेळी असाल का?”

हे मी बोलून गेले आणि जीभ चावली. सत्तरीच्या बाईला असं विचारू नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. किरण भिंतीला टेकून उभा होता, मनीषा दाराआड. दोघांपैकी कुणी काही बोलणार नव्हतं. आईचा शब्द त्या घरात शेवटचा होता.

“नायतर मग डबा न्या परत,” त्या म्हणाल्या. “पोरगी आजवर ऱ्हायलीच ना बिनडब्याची.”

मनीषाने दाराची कड पकडली. मला दिसलं ते. त्या टॅबबरोबर तिची मुलगी परत त्या ओळीच्या टोकाला जाऊन गप्प बसणार, हे तिला आणि मला दोघींना कळत होतं. मी एरवी वाद घालणारी बाई आहे. त्या दिवशी मी हात जोडले.

“आजी, द्राक्षांचा तोडा होईपर्यंत राहू द्या. तोपर्यंत घरात त्या बटणावरून एक जरी भांडण झालं, तर मी स्वतः येऊन काढते. पाटी तेवढी परत न्यायला लावू नका.”

त्यांनी थोडा विचार केला. “तोडा होईस्तोवर. मग काढायचं. भांडण होवो न होवो.”

सुषमा म्हणाली, एक बटण जाऊ दे, पस्तीस राहतील. तिचं बरोबर होतं. माझंच मन घेत नव्हतं. दुसरं दुःख असं, की इतके दिवस होऊनही ईश्वरीने एकदाही दोन बटणं जुळवली नव्हती. ‘पाणी’ म्हणे, ‘काकी’ म्हणे, ‘माझी’ म्हणे, पण एकेकटं. मी मनात म्हणायचे, एकदा ‘काकी पाणी’ म्हण गं बाई. मनीषा रोज तेच करून दाखवायची, दोन बटणं दाबून. ईश्वरी नुसती बघायची.

तोडा संपला. गाड्या गेल्या, बाग मोकळी झाली. मी ठरल्याप्रमाणे लॅपटॉप घेऊन गेले. बटण कसं काढायचं ते मंदारने लिहून दिलं होतं. देताना तो म्हणाला, “नका काढू.” त्याच्या मानाने हे लांबलचक भाषण होतं.

संध्याकाळच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मनीषा परातीपाशी बसली होती. तोड्यानंतर तिची नणंद माहेरपणाला आली होती, तिची तीन वर्षांची मुलगी मनीषाच्या मांडीत शिरून पिठाशी खेळत होती. बाकीची मुलं भोवती. आजी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर उघडला आणि ईश्वरीचा टॅब त्याला जोडायला म्हणून मागणार, एवढ्यात तिचा हात उठला.

“माझी.”

स्वराचा आवाज टॅबमधून आला. खरी स्वरा उठली आणि तिने खाली पडलेली बाहुली ईश्वरीच्या फळीवर ठेवली. ईश्वरीने ती हाताने ढकलून दिली.

“माझी.”

“वाटी पाहिजे का?” स्वराने वाटी दिली. तीही ढकलली. वाटी घरंगळत गेली.

आजींनी लसूण सोलायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हते का, असं त्या नजरेत होतं. मी मान खाली घातली.

ईश्वरी मनीषाच्या मांडीकडे बघत होती. तिची मान एका बाजूला गेली, ती तिने परत सरळ केली. हात पडद्यावर आला, घसरला, परत आला. तिला ते बटण सापडायला किती वेळ लागला सांगता येणार नाही, पण तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

“माझी,” टॅब म्हणाला. आणि हात वरच्या ओळीकडे सरकला. “काकी.”

मनीषाचे हात पिठात होते तसेच राहिले. सगळ्यांची काकी होती ती. चौघांची, आणि त्यांचं ऐकून मामीला काकीच म्हणणाऱ्या या पाचवीचीही.

दोन बटणं. ज्यासाठी आम्ही थांबलो होतो ती दोन बटणं. कामाच्या इतक्या वर्षांत मी पालकांसमोर रडायचं नाही असा नियम पाळला होता, तो त्या दिवशी मोडला. मोडला याचं मला काही वाटत नाही.

आजी पाटावरून उठल्या. आता त्या काय म्हणणार या भीतीने मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि नणंदेच्या मुलीला मनीषाच्या मांडीतून अलगद उचलून स्वराकडे दिलं.

“ऊठ मनीषा,” त्या म्हणाल्या. “लेक बोलावती ना तुझी. भाकऱ्या मी टाकते.”

मनीषा पिठाच्या हातांनीच उठली. आजी परातीपाशी बसल्या, करपलेली भाकरी त्यांनी बाजूला काढली, नवा गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली. माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडाच होता. दोन भाकऱ्या झाल्यावर, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “ते मिटा आता, आणि जेवायला बसा.”